गुरू घरी नसताना गिटार: वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये घरच्या घरी, कोणाच्या शिकवणीशिवाय गिटार शिकू पाहणाऱ्यांची पत्रे बरीच आहेत. त्यांतील काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. ही पत्रे एकत्र वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. माहिती कोणालाच कमी पडत नाही. कॉर्डचे (एकत्र वाजवायच्या स्वरसमूहांचे) तक्ते, धडे, व्हिडिओ हवे तितके उपलब्ध आहेत. कमी पडते ते चुकल्या क्षणी हात धरून थांबवणारे माणूस. बहुतेकांच्या अडचणींचे मूळ तिथे आहे, आणि हे थांबवण्याचे काम शिकणाऱ्याच्या स्वतःच्या कानाकडे कसे सोपवता येईल, याचा विचार पुढील उत्तरांत केला आहे.

प्रश्न: मी 47 वर्षांचा प्राथमिक शिक्षक असून गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. मुलाने महाविद्यालयात असताना घेतलेली गिटार माळ्यावर पडून आहे. गावात शिकवणी नाही. या वयात, याच गिटारवर सुरुवात करावी की नवी घ्यावी? तारा नायलॉनच्या बऱ्या की पोलादी?
(एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर: वयाचा प्रश्न आधी निकालात काढू. पंचेचाळिशीनंतर बोटे वळायला थोडा अधिक वेळ घेतात, एवढेच. उलट वर्षानुवर्षे पेटीवर साथ केलेल्या माणसाला स्वर ओळखता येतो, लय कळते, सम चुकत नाही. विशीत गिटार हाती घेणाऱ्या बहुतेक मुलांना या तिन्ही गोष्टी नव्याने कमवाव्या लागतात. आपण शून्यापासून सुरुवात करत आहात असे मी मानत नाही.

माळ्यावरच्या गिटारबाबत मात्र घाई करू नये. तिची तपासणी घरीच करता येते. पुढच्या फळीवर तारा जिथे बांधलेल्या असतात तो ब्रिज मागच्या कडेने उचलला गेला आहे का, ते प्रथम पाहा. त्याच्याखाली पोस्टकार्ड सरकत असेल तर दुरुस्तीशिवाय त्या गिटारवर ताण देऊ नये. मग सर्वांत जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर (नेकवरील, म्हणजे गिटारच्या दांड्यावरील, धातूच्या आडव्या पट्ट्यांची घरे; मोजणी खुंट्यांकडून) एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या फ्रेटपाशी तार व धातूची पट्टी यांच्यातील फट पाहा. जेमतेम कागद जाईल एवढी फट असली तर नेक ठीक आहे. काडेपेटीतील काडी आरपार जात असली तर नेक वाकली आहे. शेवटी बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची शाळेच्या फूटपट्टीने मोजा. पोलादी तारांच्या गिटारवर हे अंतर 2.5 मिलिमीटरच्या आसपास, तर नायलॉनच्या गिटारवर 4 मिलिमीटरच्या आसपास असावे. पोलादी तार 4 किंवा 5 मिलिमीटर उंच असेल तर कसलेल्या वादकालाही ती दाबताना कष्ट पडतील. “मला जमले नाही” म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी गिटारी केवळ उंच तारांमुळे माळ्यावर गेलेल्या असतात, आणि मुलाने ही गिटार का सोडली याचे उत्तरही कदाचित याच मोजमापात सापडेल. वाद्यांच्या दुकानातील जाणकार कारागीर सॅडल (ब्रिजवरील तारा टेकण्याची पट्टी) घासून किंवा नेकमधील लोखंडी सळई फिरवून उंची कमी करून देतो. नव्या गिटारच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो.

तारांची निवड गिटारच ठरवते. नायलॉनच्या तारांची गिटार रुंद नेकची असते, नटपाशी (नेकच्या खुंट्यांकडील टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीपाशी) साधारण 52 मिलिमीटर, आणि तिच्या तारा बोटांना मऊ लागतात. पोलादी तारांच्या गिटारची नेक तिथे 43 मिलिमीटरच्या आसपास असते. ती हाताच्या पकडीत सहज येते, पण तारा बोटांना चांगल्याच बोचतात. पूर्वी पहिल्या प्रकारच्या गिटारला आतड्याच्या तारा लावत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आतड्याचा दोरा शस्त्रक्रियेतील टाक्यांसाठी लागू लागल्याने तो वादकांना मिळेनासा झाला, आणि न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट ऑगस्टीन यांनी स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोव्हिया यांच्या प्रोत्साहनाने नायलॉनच्या तारा बनवल्या. त्या गिटारची फळी हलक्या ताणासाठीच घडवलेली असते. पोलादी तारांचा एकूण ताण जवळपास दुप्पट असतो, म्हणून आपली गिटार नायलॉनची असल्यास तिच्यावर हौसेने पोलादी तारा कधीही चढवू नयेत, ब्रिज उखडतो. ती पोलादी तारांची असल्यास जुन्या, गंजलेल्या तारा काढून टाका आणि पहिली (सर्वांत पातळ) तार 0.010 इंच जाडीची असलेला संच दुकानात मागा. भजनाची साथ हा आपला हेतू असेल तर दोन्ही प्रकार चालतील.

प्रश्न: मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सहा महिने व्हिडिओ पाहून शिकतो आहे. ई मायनर, जी, सी, डी येतात, पण एफ काही केल्या वाजत नाही. निम्म्या तारा मुक्या राहतात. बोटे दुखतात. अनेक गाणी सुरू केली, एकही पूर्ण येत नाही.
(एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: एफ वाजत नाही याचा दोष बोटांच्या ताकदीला देण्याआधी ती कॉर्ड नीट न्याहाळा. तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी पडते खरी, परंतु त्यातील तिसरी, चौथी आणि पाचवी तार पुढच्या फ्रेटांवर इतर बोटांनी दाबलेली असते. म्हणजे तर्जनीने प्रत्यक्षात सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच तारा वाजवायच्या असतात. सहाही तारांवर सारखा जोर लावणारा विद्यार्थी निम्मी शक्ती वाया घालवतो, आणि त्या नादात बोटाचा मधला भाग वाकून पातळ तारा सुटतात. तर्जनी सपाट ठेवू नका. अंगठ्याच्या बाजूची तिची कड हाडाला अधिक जवळ असते, त्या कडेवर ती किंचित कलती करा. तरीही एखादी तार मुकी राहिली तर ती बहुधा पेराच्या घडीत अडकलेली असते. बोट दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवले की ती बोलू लागते. कोपर शरीराजवळ आणले आणि हाताचे वजन मागच्या दिशेने सोडले की अंगठ्यावरचा भारही कमी होतो.

दुसरे असे की पहिला फ्रेट ही बार कॉर्डसाठी (तर्जनी सर्व तारांवर आडवी ठेवून धरायच्या कॉर्डसाठी) सर्वांत कठीण जागा आहे, कारण नट तिथून अगदी जवळ असल्यामुळे तार सहज दबत नाही. हाच आकार पाचव्या फ्रेटवर करा. तिथे ती ए कॉर्ड होते आणि बरीच सोपी जाते. तिथे सर्व तारा स्वच्छ वाजू लागल्यावर एक फ्रेट खाली या, तिथे हात बसला की आणखी एक. तोपर्यंत गाण्यात एफ आली तर फक्त खालच्या चार तारांवरची छोटी एफ वाजवा: चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर, तिसरी दुसऱ्यावर, दुसरी आणि पहिली पहिल्या फ्रेटवर. त्यात कमीपणा मुळीच नाही.

बोटांच्या टोकांचे दुखणे दोन-चार आठवड्यांत घट्टे पडले की जाते. मनगट किंवा अंगठ्याचे मूळ दुखत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे: त्या दिवशी वाजवणे बंद करा, मनगट फार वाकते आहे का ते आरशात पाहा, आणि दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवा.

अर्धवट गाण्यांचा प्रश्न मला एफपेक्षाही गंभीर वाटतो. अवघड जागा आली की नवा व्हिडिओ उघडता येतो, आणि त्यामुळे अवघड जागेपाशी थांबण्याची सवयच लागत नाही. एकाच शिक्षकाचा क्रमवार अभ्यासक्रम निवडा आणि तो संपेपर्यंत दुसरा पाहू नका. दोनच कॉर्ड असलेले एक गाणे घ्या, आणि ते सुरुवातीच्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत, मध्ये न अडखळता, घरातल्या कोणाला तरी ऐकवा. तोपर्यंत दुसऱ्या गाण्याला हात लावू नका.

प्रश्न: निवृत्तीनंतर गिटार घेतली. पावसाळ्यात ती सतत उतरते आणि तारा आपोआप उंच झाल्यासारख्या वाटतात. मोबाइलवरील ट्यूनरने रोज जुळवतो, पण तरीही कॉर्ड बेसूर लागते. कानाने जुळवायला कसे शिकावे?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: तारा उंच झाल्यासारख्या वाटणे हा भास नाही. कोकणच्या पावसाळी हवेत लाकूड ओलावा शोषते, पुढची फळी फुगते आणि तिच्यासोबत ब्रिज वर येतो. बहुतेक कारागीर गिटारसाठी 45 ते 55 टक्के आर्द्रता योग्य मानतात. आपल्याकडे जुलैमध्ये ती याहून कितीतरी अधिक असते. वाद्य भिंतीला टांगून न ठेवता बंद पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा वरून आणि खालून पुसाव्यात, आणि पावसाळ्यात उंची कमी करून घेण्याची घाई करू नये, कारण हिवाळ्यात फळी पुन्हा खाली बसते. विदर्भातील वाचकांना उन्हाळ्यात याच्या नेमके उलट अनुभव येतात: लाकूड आकसते आणि फ्रेटची टोके कडेने बाहेर येऊन तळहाताला टोचू लागतात.

आता कानाविषयी. घरात पेटी असेल तर गिटारच्या सहा तारा जाड सहावीपासून पातळ पहिलीकडे येत अशा लागतात: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. सर्व पांढऱ्या पट्ट्या आहेत, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपे. मात्र जुन्या पेट्यांचा सूर आजच्या 440 च्या मापाहून (मधली पांढरी सहा 440 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 440 कंपनांवर) थोडा वेगळा असू शकतो, म्हणून पाचवी तार एकदा ट्यूनरवर 110 हर्ट्झला लावून तिच्याशी पेटी ताडून पाहावी.

पेटी नसल्यास एकच तार बाहेरच्या सुरावर लावा आणि बाकीच्या एकमेकींवर जुळवा. सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की मोकळ्या पाचव्या तारेचा सूर मिळतो; पाचवीवरून चौथी आणि चौथीवरून तिसरीही याच पद्धतीने लागते. तिसरीवरून दुसरी लावताना मात्र चौथा फ्रेट धरायचा, आणि दुसरीवरून पहिली लावताना पुन्हा पाचवा. दोन तारा एकत्र छेडल्यावर त्यांचे सूर जवळ पण वेगळे असतील तर आवाजात लाटा उठतात. 110 आणि 112 हर्ट्झच्या दोन तारा एकत्र वाजवल्या तर सेकंदाला दोन लाटा ऐकू येतील. खुंटी हळूहळू फिरवत जा. लाटा लांबत जातील, संथ होतील आणि एका जागी विरून जातील. मैफलीपूर्वी तंबोरा जुळवताना लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला हा अनुभव परका नसावा. खुंटी नेहमी सुराच्या खाली नेऊन मग वर चढवावी, म्हणजे तार नटपाशी सैल राहून पुन्हा उतरत नाही.

ट्यूनर बरोबर दाखवत असूनही कॉर्ड बेसूर वाटते, याची दोन कारणे असू शकतात. पहिले म्हणजे बोटाचा जादा दाब. तार खोल दाबली किंवा नकळत आडवी ओढली की सूर चढतो. दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि आपला कान शास्त्रीय गायनावर पोसलेला असेल तर ते आपल्याला हमखास छळणार. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग पाडून बसवलेले असतात. प्रत्येक भाग 100 सेंटचा (सेंट हे स्वरांतर मोजण्याचे माप) धरला तर गिटारचा गंधार 400 सेंटवर येतो, आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार 386 सेंटवर असतो. म्हणजे गिटारचा गंधार 14 सेंट चढा आहे. जी कॉर्डमध्ये मोकळी दुसरी तार गंधार होते. तयार कानाच्या माणसाला ती टोचते, तो ती किंचित उतरवतो आणि जी सुंदर लागते. पण ई कॉर्डमध्ये तीच मोकळी तार पंचम होते, आणि उतरवलेला पंचम लगेच उघडा पडतो. मग पुन्हा खुंटी, पुन्हा जी, आणि हे चक्र थांबत नाही. अशा वेळी एका कॉर्डवरून तारा जुळवणे सोडून द्यावे, प्रत्येक तार स्वतंत्रपणे लावावी आणि गिटारचा चढा गंधार हा त्या वाद्याचा स्वभाव म्हणून स्वीकारावा.

प्रश्न: नोकरी सांभाळून मी रोज अर्धा तास वाजवते. ऐकणारे कोणी नाही. आपले चुकते कुठे, हे स्वतःचे स्वतःला कळावे कसे?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: या वेळच्या सर्व पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटला. वाजवताना मनाचे सारे लक्ष हातांकडे असते. ऐकायला मन शिल्लकच राहत नाही. त्यामुळे कॉर्ड बदलताना लय किती लांबली, कोणती तार मुकी राहिली, हे वाजवणाऱ्याला खरोखरच ऐकू येत नाही. यात दुर्लक्ष किंवा आळस नसतो. शिकवणीत समोर बसलेला माणूस केवळ ऐकण्यासाठी मोकळा असतो, आणि एकट्याने शिकताना वाजवणे व ऐकणे ही दोन कामे वेगवेगळ्या वेळी करणे हाच उपाय राहतो.

मोबाइलवर एक मिनिटभर वाजवलेले ध्वनिमुद्रित करा आणि ते त्याच वेळी ऐकू नका. दुसऱ्या दिवशी, गिटार हातात न घेता, मांडीवर मात्रा देत ऐका. जिथे तुमचा हात आधी पडतो आणि गिटार मागाहून येते, ती तुमची जागा. नवशिक्यांच्या बाबतीत ती बहुधा कॉर्ड बदलण्याची जागा असते: तीन मात्रा नीट, चौथीनंतर बारीकसा खंड, आणि मग पुढची कॉर्ड. हा खंड वाजवताना ऐकू येत नाही, कारण मन त्या वेळी बोटे शोधत असते.

ही जागा सापडली की गाणे बाजूला ठेवून तेवढ्या दोन कॉर्डच घ्याव्यात. मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे साधन) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा, प्रत्येक कॉर्ड चार मात्रा वाजवा, आणि उजवा हात कोणत्याही कारणाने थांबू देऊ नका. डावा हात वेळेवर पोहोचला नाही तर मोकळ्या तारा वाजू द्या. ऐकायला वाईट वाटेल, परंतु उजव्या हाताला थांबायची सवय लागली तर ती मोडायला फार वेळ लागतो. डावा हात आधीच्या कॉर्डच्या चौथ्या मात्रेवरच उचलावा. ऐकणाऱ्याला ती उणीव जाणवत नाही, आणि बोटांना पोहोचायला एक पूर्ण मात्रा मिळते. बोटे उचलताना ती तारांपासून किती दूर जातात तेही पाहा. सी वरून ए मायनरवर जाताना तर्जनी आणि मधले बोट जागचे हलतच नाही. फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर येते. तरीही अनेक जण तिन्ही बोटे उचलून नव्याने मांडतात. प्रत्येक बदलात कोणते बोट जागेवर ठेवता येते, ते आधी गिटार न वाजवता शोधावे.

एका ध्वनिमुद्रणातून एकच दोष निवडा आणि आठवडाभर त्याच्याच मागे राहा. एखादी कॉर्ड अस्वच्छ वाटली तर तारा एकेक छेडून कोणती मुकी आहे ते पाहा. बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागे पडले की अर्ध्या जोरात तार स्वच्छ वाजते, आणि दोन पट्ट्यांच्या मध्यभागी पडले की खरखरते. वेग वाढवण्याची परवानगी स्वतःला कधी द्यावी, असे कोणी विचारले तर मी सांगेन की सलग तीन वेळा निर्दोष वाजल्यानंतरच, आणि तोही चार-पाच ठोक्यांनी. अर्ध्या तासात एवढे एकच काम झाले तरी तो अर्धा तास सत्कारणी लागला असे समजावे. रविवारी तीन तास वाजवून आठवडाभर गिटार बंद ठेवण्यापेक्षा तुमची रोजची पद्धत निश्चितच चांगली आहे.

प्रश्न: आमची चौदा वर्षांची मुलगी इथे स्वतःच गिटार शिकली. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात तिला अभंगाची साथ करायची आहे, पण तिने शोधलेल्या कॉर्ड काही ठिकाणी खटकतात. ती काळी तीनमध्ये गाते. कॉर्ड कशा निवडाव्यात?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: तिला खटकते हीच मोठी जमेची बाजू आहे. पाश्चात्त्य गाण्यांवरून शिकलेल्या मुलांना सा, म आणि प यांवरच्या तीन कॉर्ड कुठेही चालतील असे वाटते. बिलावल थाटातील, म्हणजे सर्व शुद्ध स्वरांच्या, सरळ चालीला त्या चालतातही. काळी तीनसाठी चौथ्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की डी, जी आणि ए हे सोपे आकार अनुक्रमे सा, म आणि प यांवर येतात. परंतु चाल भूप रागाची असेल तर काय होते ते पाहा. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत, म्हणजे लागत नाहीत. मवरची कॉर्ड म, ध, सा यांची बनते. तिच्यात वर्ज्य मध्यम आला. पवरची कॉर्ड प, नि, रे यांची बनते. तिच्यात वर्ज्य निषाद आला. भूपात पूर्णपणे बसणाऱ्या कॉर्ड दोनच उरतात: सा, ग, प यांची आणि ध, सा, ग यांची. कॅपो चौथ्या फ्रेटवर ठेवून डी आणि बी मायनर हे आकार वाजवले की त्या मिळतात. तेव्हा मुलीला आधी गाण्यातले स्वर लिहून काढायला सांगा, आणि जिच्यात चालीबाहेरचा स्वर येतो ती कॉर्ड सोडून द्यायला सांगा. यमनासारख्या रागात तीव्र मध्यमामुळे हेच पथ्य आणखी काटेकोरपणे पाळावे लागते.

मला स्वतःला अभंगासाठी याहून साधी साथ अधिक भावते. सहावी आणि पहिली तार दोन अर्धस्वरांनी (दोन फ्रेटइतकी) उतरवून डी करावी, आणि दुसरीही तेवढीच उतरवून ए. इंग्रज वादक डेव्ही ग्रॅहम यांनी 1960 च्या दशकात ही जुळणी लोकप्रिय केली. पांढरी दोन सा मानला तर मोकळ्या तारा सा, प, सा, म, प, सा अशा लागतात. तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर दाबली की मध्यमाऐवजी पंचम मिळतो आणि हाताशी तंबोऱ्यासारखा भरणा तयार होतो. गंधार कुठेच नसल्यामुळे चढ्या गंधाराचा प्रश्नही उरत नाही. तो गायिकेच्या गळ्यातून येईल आणि जिथे हवा तिथेच लागेल. काळी तीनसाठी इथेही कॅपो चौथ्या फ्रेटवर, आणि तिसरी तार त्याच्या पुढे दोन फ्रेटवर दाबावी.

उजव्या हाताने तबलजीकडे लक्ष द्यावे. केरव्याच्या आठ मात्रांत पहिल्या मात्रेला अंगठ्याने जाड तार छेडावी, आणि पाचव्या मात्रेला, जिथे तालाची खाली येते, जाड तारा सोडून केवळ पातळ तारांवर हलका हात फिरवावा. डग्गा गप्प होतो त्या जागी गिटारचा खर्जही गप्प झाला की ती साथ आपल्या मातीतली वाटू लागते. पखवाज किंवा तबल्यावर भजनी ठेका असला तरी खाली कुठे आहे ते ऐकून हेच करावे.

प्रश्न: कारखान्यातील अपघातात माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेचे टोक गेले आहे. मला गिटार शिकता येईल का?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: येईल. जँगो राइनहार्ट या वादकाचा डावा हात 1928 मध्ये आगीत इतका भाजला की दोन बोटे जवळपास निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांनी ते द्रुत सुरावटी वाजवत, आणि त्यांची ध्वनिमुद्रणे आजही अभ्यासली जातात. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे गिटारवादक टोनी आयोमी पत्रे कापण्याच्या कारखान्यात होते. सतराव्या वर्षी यंत्रात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचा हात तोच होता. त्यांनी प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामडे लावले आणि पातळ तारा वापरल्या.

तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. जखम पूर्ण भरली असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर तर्जनी, मधले बोट आणि करंगळी यांवर कॉर्ड बसवाव्यात. अनामिकेची बरीच कामे करंगळी घेऊ शकते, आणि ई मायनर, ए मायनर सातवी, ई सातवी यांना दोन किंवा तीन बोटेच लागतात. दुसरा मार्ग डावखुऱ्यांची गिटार घेण्याचा, म्हणजे उजवा हात तारा दाबील आणि डावा छेडेल. तुम्ही अजून काहीच शिकलेले नाही, त्यामुळे कोणतीही सवय मोडायची नाही, आणि म्हणून मला हा दुसरा मार्ग आधी आजमावून पाहावासा वाटतो. साध्या गिटारच्या तारा उलट्या चढवून मात्र काम भागत नाही. नटच्या खाचा आणि सॅडलचा तिरपा कल जाड-पातळ तारांनुसार असतो. दुकानात दोन्ही प्रकारच्या गिटारी प्रत्यक्ष हातात धरून मगच ठरवा.

प्रश्न: टॅबवरून वाजवता येते, स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नाही. ते शिकावेच लागेल का? परीक्षा द्यावी का? आणि शिक्षकाकडे कधी जावे?
(एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर: टॅबच्या सहा रेघा बोट कुठे ठेवायचे ते सांगतात, परंतु स्वर किती वेळ टिकवायचा हे बहुतेक साध्या टॅबमध्ये लिहिलेले नसते, ते गाणे आधी ऐकलेल्यालाच वाजवता येते. साथ करण्यापुरते वाजवायचे असेल तर नोटेशनवाचून अडणार नाही. शास्त्रीय गिटारकडे वळायचे असेल तर ते आजच सुरू करावे. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या परदेशी संगीत परीक्षा-मंडळांच्या परीक्षा आपल्याकडेही देता येतात. कोणी थांबवणारे नसलेल्या विद्यार्थ्याला ठरलेला अभ्यासक्रम आणि परक्या परीक्षकाचे मत या दोन्हींचा उपयोग होतो, म्हणून मी त्या देण्याच्या बाजूने आहे.

शिक्षकाकडे जाण्याचा संकोच मात्र सोडावा. सेगोव्हिया गिटार स्वतःच शिकले, पण बार्सेलोनात मिगेल ल्योबेत यांच्यासारख्या ज्येष्ठ वादकाचा सहवास मिळाला तेव्हा त्यांनी तो भरभरून घेतला. दर महिन्याला शिकवणी परवडत किंवा मिळत नसेल तर सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांनी एकदा आणि त्यानंतर वर्षातून दोनदा जाणकार माणसाला तासभर वेळ मागावा. पणजीत कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग आहे. तिथे चौकशी केल्यास असे माणूस सापडण्याची शक्यता चांगली. जाताना प्रश्न लिहून न्यावेत, सर्वांत चांगले येणारे आणि सर्वांत अडणारे अशी दोन गाणी न्यावीत, आणि आपली बसण्याची पद्धत, मनगट आणि अंगठा आधी पाहायला सांगावे, कारण ध्वनिमुद्रणात या गोष्टी ऐकू येत नाहीत. परवानगी घेऊन तो तास मोबाइलवर मुद्रित करावा, म्हणजे घरी आल्यावर पुढच्या भेटीपर्यंत तो पुन्हा पुन्हा ऐकता येईल.